भाताचा साधा इलेक्ट्रिक कुकर: एक वर्ष न्यूकासलला, मग भाट्याला

सप्टेंबर जवळ आला की रत्नागिरीजवळच्या आमच्या भाट्यात एक-दोन घरांतून तरी मला हाक येते. कुणाचा मुलगा नाहीतर मुलगी परदेशी शिकायला निघालेली असते. पडवीत बॅग उघडी असते, शेजारून आणलेला वजनकाटा बाजूला असतो, कोकमं आणि मेतकूट पिशव्यांत बांधून तयार असतं. मग आई विचारते, "गो, प्रेशर कुकर देऊ काय हिच्याबरोबर?" यंदा तिसऱ्या घरात तेच उत्तर दिलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया.

प्रेशर कुकर देऊ नका. भाताचा साधा इलेक्ट्रिक कुकर घ्या, आणि तोही तिकडे पोचल्यावर तिकडेच घ्या.

माझ्याकडचा कुकर दीड लिटरचा आहे. 500 वॅटचा, पांढरा, एकाच खटक्याचा. खटका खाली दाबला की भात शिजायला लागतो, झाला की खटका आपोआप वर येतो आणि भात नुसता गरम राहतो. पडदा नाही, आकडे नाहीत, बटणांची रांग नाही. सोबत भांड्यावर बसणारी भोकांची ताटली आणि 180 मिलीचा एक कप. कंपनीचं नाव चिनी अक्षरांत आहे आणि ते मला वाचता येत नाही, म्हणून हे एका कंपनीचं परीक्षण समजू नका, या जातीच्या कुकरचं समजा. आपल्याकडे पॅनासोनिक, प्रेस्टिज यांचे याच घडणीचे कुकर मिळतात.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. केलं आणि 2023 च्या सप्टेंबरात एम.एस्सी.साठी इंग्लंडात न्यूकासलला गेले. वसतिगृहात पाच खोल्या आणि एक सामायिक स्वयंपाकघर. मी सोडून बाकी चौघं चीनमधली. एक हेनान प्रांतातला मुलगा, एक चेंगडूची, एक हार्बिनची आणि एक झोऊशानची. झोऊशान म्हणजे शांघायच्या दक्षिणेला समुद्रातली बेटं, मासेमारीसाठी प्रसिद्ध. ती झोऊशानची माझ्याच वर्गात होती आणि कुकर मूळचा तिचा. आदल्या वर्षीची कुणी चिनी विद्यार्थिनी शिक्षण संपवून परत जाताना वीचॅट या चिनी अ‍ॅपच्या गटावर सामान विकत होती, तिच्याकडून हिने आठ पौंडांना घेतला. म्हणजे साधारण साडेआठशे रुपये. दरवर्षी उन्हाळ्यात तिकडे असाच बाजार भरतो. तवे, सुऱ्या, उशा, कुकर जाणाऱ्यांकडून येणाऱ्यांकडे जातात. मैत्रिणीचं नाव इथे लिहीत नाही, तिला तसं विचारलेलं नाही.

आता चालतो कसा ते सांगते, कारण चांगलं-वाईट सगळं त्यावरच ठरतं. आतलं भांडं उचललं की तळाशी मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक चकती दिसते. त्या चकतीला आत चुंबक चिकटलेलं असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांपुढे जात नाही. पाणी तांदळात जिरून संपलं की तळ झपाट्याने तापतो. शंभराच्या थोडं वर गेलं की त्या चकतीच्या मिश्रणाची चुंबकाला धरून ठेवण्याची शक्तीच जाते, स्प्रिंग सुटते आणि टक् असा आवाज होतो. घड्याळ नाही, गणित नाही, भात स्वतःच सांगतो की मी झालो. पाणी संपलं की आपोआप बंद होणारा असा कुकर जपानमध्ये तोशिबाने 1955 साली बाजारात आणला आणि तिथून तो आशियाभर पसरला. आपल्याकडे शिट्टीच्या कुकरने आधीच जागा धरली होती, म्हणून हा फारसा रुजला नाही.

हा टक् माझ्या त्या वर्षातला सगळ्यांत ओळखीचा आवाज झाला. तो कसा झाला ते सांगितल्याशिवाय कुकरचं मोल कळणार नाही.

मी 14 सप्टेंबरला पोचले आणि 19 ला गणेश चतुर्थी. जन्मात पहिल्यांदा चतुर्थीला घरी नव्हते. सकाळी सहाला उठून व्हिडिओवर आरती पाहिली, घरी तेव्हा साडेदहा वाजले होते. मग ठरवलं, मोदक करायचेच. स्टोवेल स्ट्रीटवर चिनी दुकानं आहेत, तिथून तांदळाचं पीठ आणलं. खोबरं गोठवलेलं मिळालं, गूळ घरचा. उकड काढली, जरा चिकट वाटली. मला वाटलं, तिकडच्या तांदळाचा गुण असेल. पातेल्यावर चाळणी ठेवून सात मोदक वाफवले. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर एकही मोदक उभा नव्हता. सगळे पसरून एकमेकांत मिसळलेले, कळ्या विरघळलेल्या, सारण मधून बाहेर आलेलं. मी चाळणी हातात धरून रडायलाच लागले.

तेवढ्यात झोऊशानची तिच्या बाटलीत गरम पाणी भरायला आली. तोपर्यंत आमचं बोलणं हॅलोपलीकडे गेलेलं नव्हतं. तिने एका बोटाने मोदकाला हात लावला, कचऱ्याच्या डब्यातून पिठाची पिशवी काढली आणि त्यावरच्या एका शब्दावर नख ठेवलं, ग्लुटिनस. ते चिकट तांदळाचं पीठ. ती म्हणाली, याला वाफ चालत नाही, हे पाण्यात उकळायचं. त्यांच्याकडे या पिठाचे थांगयुआन करतात, आत तीळ-साखर भरलेले गोळे. मग खोलीतून हा कुकर घेऊन आली, त्यात पाणी उकळवलं, आणि उरलेलं पीठ नि उरलेलं सारण घेऊन आम्ही दोघींनी गोळे वळले. तिचे गोळे लहान आणि अगदी सारखे, माझे मोठे. पाण्यात टाकल्यावर ते तळाशी बसले आणि शिजले तसे एकेक करून वर तरंगले. त्या वर्षी माझ्या टेबलावरच्या तसबिरीतल्या गणपतीला त्याच गोळ्यांचा नैवेद्य झाला. फोनवर आईला दाखवला तर ती म्हणाली, "त्याला पोचला गो, तू जेव आता."

दहा दिवसांनी 29 ला तिने माझ्या दारावर टकटक करून मूनकेकचा पाव तुकडा दिला. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, घरच्यांनी एकत्र बसून चंद्र पाहायचा सण. मी पंचांग काढून पाहिलं तर आपली भाद्रपदाची पौर्णिमा. आदल्याच दिवशी घरी अनंत चतुर्दशी झाली होती. चंद्राच्या हिशोबाने सण करणारी आम्ही दोघी, दोघींचे सण पहिल्याच महिन्यात येऊन गेले आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकात त्यांची नोंद कुठेच नव्हती.

पहिले काही आठवडे मला तिथे एकटं वाटायचं, हे खरं सांगते. चौघं स्वयंपाकघरात आपसांत चिनीत बोलायची आणि मी ताट घेऊन खोलीत जायची. वर्गातही ऐकू यायचं की चिनी मुलं आपल्यातच राहतात, सेमिनारमध्ये तोंड उघडत नाहीत. मीही ते खरं मानून चालले होते. पण रोज रात्री मी खोलीचं दार लावून तासभर मराठीत बोलायची, त्याला मी आपल्यातच राहणं म्हणत नव्हते. दिवसभर परक्या भाषेत ऐकून, वाचून, लिहून डोकं शिणतं, आणि संध्याकाळी जीभ घरी जाऊ पाहते. त्यांना घरच्या भाषेचं माणूस तिथेच मिळालं होतं, एवढाच काय तो फरक.

सेमिनारमध्ये झोऊशानची माझ्या शेजारी बसायची. मी पाहायची, ती श्वास घ्यायची, ओठ उघडायची आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी बोलायला सुरुवात केलेली असायची. मग ती वहीत काहीतरी लिहायची. एकदा भात शिजत असताना तिने ती वही मला दाखवली. त्या दिवसाच्या प्रश्नावर इंग्रजीत पाच वाक्यं, व्याकरण तपासून, खाडाखोड करून नीट लिहिलेली. त्यांतलं दुसरं वाक्य मी वर्गात जे काही बोलले होते त्या सगळ्यापेक्षा नेमकं होतं. ती म्हणाली, शाळेत आम्ही पन्नासवर मुलं, लाओशी विचारतील तेव्हाच बोलायचं, आणि अर्धं कच्चं बोलून बाकीच्यांचा वेळ घ्यायचा नाही. लाओशी म्हणजे शिक्षक, आपण सर-मॅडम म्हणतो तसं. आणि इथे प्राध्यापकच म्हणत होते की मला नावाने हाक मारा. ते तिला जमेना आणि मलाही जमलं नाही. वर्षभर मी ईमेलमध्ये डॉक्टर आणि आडनाव एवढंच लिहिलं.

तर त्या वहीपासून आमचा रिवाज सुरू झाला. संध्याकाळी सातला कुकर लावायचा. तांदूळ धुऊन टाकल्यावर टक् वाजेपर्यंत साधारण पंचवीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात एकेकाने दुसऱ्या दिवशीच्या वर्गातल्या प्रश्नावर इंग्रजीत बोलायचं. मध्ये थांबलं तरी चालेल, कुणी वाक्य पुरं करून द्यायचं नाही. शेवटी बाकीच्यांनी एक-एक प्रश्न विचारायचा. टक् वाजलं की बंद, जेवायचं. सुरुवातीला आम्ही दोघीच होतो, मग हेनानचा आला, दिवाळीपर्यंत पाचही जण.

हे शेगडीवर होत नाही, माझा मुद्दा तोच आहे. शेगडीवर भात ठेवला की माणूस सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो, उतू जाईल म्हणून नजर पातेल्यावर. शिट्टीचा कुकर असेल तर कान शिट्ट्या मोजण्यात. या कुकरचा खटका दाबला की त्याच्याकडे बघावं लागत नाही, माणूस खुर्चीवर बसतो आणि समोरच्याकडे तोंड करतो. भात इतर भांड्यांतही चांगला होतो. ती मोकळी पंचवीस मिनिटं मात्र मला दुसऱ्या कुठल्या भांड्याने दिली नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात ती म्हणाली, "माझा विचार अजून पुरा झालेला नाही, तरी सांगते." शिकवणाऱ्या बाई थांबल्या, सगळे थांबले. ती मध्ये दोनदा अडली. पण बोलली, आणि तिच्या बोलण्यावर पुढची दहा मिनिटं चर्चा चालली. माझ्या छातीत धडधडत होतं, जणू मीच बोलत होते.

गुणांचंही असंच. पहिल्या निबंधाला तिला 62 मिळाले आणि ती दोन दिवस जेवायला आली नाही. त्यांच्याकडे पास व्हायला 60 लागतात, तिला वाटलं आपण जेमतेम वाचलो. तिकडे एम.एस्सी.ला 50 ला पास, 60 च्या वर मेरिट आणि 70 च्या वर डिस्टिंक्शन. मला 58 होते आणि दोघींच्या निबंधांवर शेरा एकच होता, वर्णन फार, स्वतःचं मत कमी. आम्ही दोघींनीही थोरामोठ्यांनी काय लिहिलंय ते प्रामाणिकपणे मांडलं होतं. आपल्याकडे त्यालाच अभ्यास म्हणतात, त्यांच्याकडेही. तुमचं म्हणणं कुठे चुकतं असं एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला कागदावर विचारायला आम्हाला फेब्रुवारी उजाडला.

हेनानच्या मुलाकडून मला गाओकाओ कळलं, त्यांची बारावीनंतरची परीक्षा. दरवर्षी 7 जूनला सुरू होते. 2023 साली देशभरातून 1 कोटी 29 लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं, त्यांतली 13 लाखांवर एकट्या हेनानची. तो म्हणायचा, मी एका परीक्षेसाठी वाढलो, त्यानंतर काय करायचं हे कुणी शिकवलंच नाही. तो घरात एकटा मुलगा, बाकीची तिघंही तशीच. त्यांच्याकडचा एका मुलाचा नियम 2015 च्या शेवटापर्यंत होता. आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून सहा जणांचा जीव एका पोरात. फोन आला की ती चौघंही हसून बोलायची, काही दुखलंखुपलं सांगायची नाहीत. मीही सांगत नव्हते.

भाताबद्दल त्याचं आणि माझं जुळलं नाही. हेनान म्हणजे गव्हाचा मुलूख, त्याला नूडल्स आणि वाफवलेले पाव हवेत, भाताने पोट भरत नाही म्हणायचा. आपल्याकडे देशावरचा माणूस कोकणात येऊन भाकरी शोधतो ना, तसंच. ताटलीवर वाफवलेले त्याचे पाव मात्र या कुकरात झकास व्हायचे.

नोव्हेंबरात मला ताप आला. झोऊशानचीने कुकरात मूठभर तांदूळ आणि भांडंभर पाणी घालून ठेवलं. तासाभराने वाडगा घेऊन आली, त्यात तांदूळ फुटून विरघळलेला, वर मीठ घातलेल्या भाजीचे बारीक तुकडे. त्याला ती झोऊ म्हणते. मी पहिला घोट घेतला आणि म्हटलं, ही तर पेज! घरी ताप आला की आई हेच देते, बरोबर लिंबाचं लोणचं. दुसऱ्या हातात तिने गरम पाण्याचा पेला धरला होता. त्यांच्याकडे सर्दी, ताप, पोटदुखी, उदासी, सगळ्यावर पहिलं औषध गरम पाणी. तिकडच्या कॅन्टीनमध्ये हिवाळ्यातही बर्फ घातलेलं पाणी यायचं आणि ही चौघं ते नुसती बघत बसायची.

पाणी किती घालायचं हेही सांगते. पहिल्या दिवशी मी सवयीने तांदळावर बोट टेकवलं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी घातलं. ती बघतच राहिली, मग तिने स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी तसंच टेकवलं. तिला आजीने शिकवलेलं, मला आईने. कोलम किंवा तिकडच्या जास्मिन तांदळाला हे माप अजून चुकलेलं नाही. कप मी फक्त तांदूळ मोजायला वापरते.

माशांशिवाय कोकणातल्या माणसाचं परीक्षण पुरं होत नाही. मेट्रोने नॉर्थ शील्ड्सला गेलं की बंदर आहे आणि ताजी मासळी मिळते. जूनमध्ये प्रबंध लिहीत होतो तेव्हा आम्ही दोघी दर शनिवारी जायचो. बांगडे आणले की तिचा ताटलीवर, आल्याच्या काड्या आणि सोया सॉस घालून, खाली भात शिजत असताना वरच्या वाफेवर. माझं तिखलं शेजारच्या शेगडीवर, घरून नेलेली तिरफळं घालून. एकदा मी तिरफळं ठेचत होते आणि चेंगडूची खोलीतून धावत आली. तिने वास घेतला, एक सालपट जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग आपल्या खणातून तिच्या प्रांतातलं ह्वाजियाओ आणून माझ्या तळहातावर ठेवलं. तांबडं, लहान, जिभेला तशाच मुंग्या आणणारं. मी नंतर शोधलं, दोन्ही झँथोझायलम या एकाच कुळीतली. घरापासून सुमारे आठ हजार किलोमीटर पश्चिमेला आणि कितीतरी उत्तरेला एका थंड देशात येऊन तिला तिच्या घराचा वास माझ्या तिरफळात सापडला. त्या दिवसापासून ती माझ्या तिखल्याची वाटेकरीण.

चिनी नववर्षाची संध्याकाळ 9 फेब्रुवारी 2024 ला आली, शुक्रवार. सरकारी दूरदर्शनवरचा त्यांचा मोठा कार्यक्रम रात्री आठला सुरू होतो, 1983 पासून घराघरांत लागतो. न्यूकासलला तेव्हा दुपारचे बारा. हार्बिनच्या मुलीने लॅपटॉप लावला, आम्ही पिठाची डंपलिंगं भरली, आणि एक वाजता दोघं जण तास चुकवायचा नाही म्हणून उठून गेली. मला चतुर्थीची सकाळ आठवली.

झोऊशानच्या मैत्रिणीकडून मला एक शब्द मिळाला. परदेशी शिकून परतणाऱ्याला चिनीत हायग्वेई म्हणतात, समुद्रावरून परतलेला. समुद्री कासवाचा उच्चारही तोच. मी तिला वेळासचं सांगितलं, मंडणगड तालुक्यातलं, जिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. मादी जिथे जन्मली त्या किनाऱ्याकडे अंडी घालायला येते, हेही सांगितलं. ती ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, परत येऊन नोकरीविना बसलेल्याला आम्ही हायदाय म्हणतो. त्याचा उच्चार समुद्रातल्या शेवाळासारखा, केल्पसारखा. त्यांच्याकडच्या मोठ्या कंपन्यांची भरती शरद ऋतूतच सुरू होते, म्हणजे एका वर्षाच्या मास्टर्सला गेलेला पहिला निबंध लिहीत असतानाच रात्री उठून मुलाखती देतो. हार्बिनची ऑक्टोबरात पहाटे तीनला, अंगात कोट घालून, स्वयंपाकघरातून ऑनलाइन मुलाखत देत होती, खोलीत नेट नीट येत नव्हतं म्हणून. मी पाणी प्यायला गेले आणि दारातूनच परतले.

सप्टेंबर 2024 मध्ये निघताना झोऊशानचीने कुकर गटावर विकायला टाकला नाही. आतल्या भांड्यात माझ्या उरलेल्या तिरफळांची पुडी ठेवून माझ्या दाराशी आणून ठेवला. तो मी हातातल्या बॅगेतून आणला.

आता इथलं. व्होल्टेज आपलं आणि इंग्लंडचं 230, चीनचं 220, त्यामुळे कुकर जसाच्या तसा चालतो, फक्त प्लग बदलायचा. तिकडच्या चौकोनी प्लगमध्ये आत फ्यूज असतो, तो काढून इलेक्ट्रिशियनकडून आपला तीन पिनांचा चांगला प्लग लावून घ्या, अर्थिंग सोडू नका. अर्ध्या तासाला पाव युनिट वीज लागते.

पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा या साध्या खटक्याचा मोठा फायदा दिसतो. खटका चुंबकाने धरलेला असल्यामुळे वीज आली की कुकर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. आकड्यांचे महागडे कुकर वीज गेली की बरेचदा सगळं विसरतात. कोकणात राहणाऱ्याने साधाच घ्यावा.

दोष आहेत, आणि ते मी लपवणार नाही. उकड्या तांदळाला हा नीट जमत नाही. तासभर भिजवून, एकाला साडेतीन पट पाणी घालून, भांडं अर्ध्याहून जास्त न भरता लावला तरच होतो, नाहीतर झाकणाच्या भोकातून पेज उडून ओटा बरबटतो. टक् वाजल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवून खटका पुन्हा एकदा दाबावा लागतो. आईचं म्हणणं वेगळंच आहे. "वेळलेल्या भाताची चव ह्याला नाही," ती म्हणते, आणि ते खरं आहे, यात पाणी काढून टाकायची सोयच नाही. घरच्या जेवणाचा उकडा ती अजून टोपातच करते. कुकर तिने रात्रीच्या पेजेसाठी ठेवलाय, आणि त्यासाठी मात्र दुसरं काही मागत नाही. गरम ठेवायच्या खटक्यावर दोन तासांहून जास्त ठेवला तर तळाला पिवळी खरपूड धरते. आतल्या भांड्याचा थर पळीने खरवडला गेला आहे, म्हणून लाकडी उलथनं वापरा. आणि आपली खारी हवा! एका वर्षात तळाचे दोन स्क्रू गंजले. तापणाऱ्या तव्यावर ओल राहू देऊ नका, वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसा.

मी आता मिरजोळे एमआयडीसीत मासळी निर्यातीच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करते. गोठवलेली वाकटी चीनला जाते, झोऊशानच्या मैत्रिणीच्या गावाकडे हाच मासा घरोघर खातात. आपल्याकडे वीचॅटवर 2020 पासून बंदी आहे, त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून आम्ही ईमेलवर लिहितो. तिला नोकरी लागायला सात महिने लागले. ते दिवस तिने कसे काढले हे तिने दोनच ओळींत कळवलं आणि पुढच्या ओळीत विचारलं होतं, कुकर चालतोय का.

निघणाऱ्यांसाठी एवढंच. वजन कुकरवर घालवू नका, ती जागा तिरफळं, कोकमं आणि कुळथाच्या पिठाला द्या. पोचल्यावर आठवड्याभरात जुना कुकर शोधा, मिळाला नाही तर नवा लहान घ्या. बऱ्याच वसतिगृहांत खोलीत कुकर लावायला मनाई असते, नियम आधी वाचा आणि सामायिक स्वयंपाकघरातच लावा. तिथे आधीपासून कुणाचा कुकर असेल तर त्यात भात लावू का असं विचारा. उकड्याचं आणि पेजेचं नेमकं प्रमाण कुणाला हवं असेल तर सांगा, कपाच्या मापात लिहून देते.